आनंदीबाईंना एप्रिल १८८३ मध्ये पाठवायला हवं होतं का?

मुलाला परदेशी कधी पाठवावं, असं विचारायला येणारे पालक खरं तर वय विचारत असतात. बारावीनंतर धाडावं, की इथली पदवी होऊ द्यावी? आकडा ठरला की बाकीचं मार्गी लागेल, असा त्यामागचा हिशेब. अशा वेळी मी त्यांच्यापुढे एक जुनं प्रकरण ठेवते. ते सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असतं, आणि म्हणूनच कुणी ते नीट तपासलेलं नसतं. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी गेल्या. जिद्दीची गोष्ट म्हणून हे सांगून सांगून गुळगुळीत झालं आहे. मला त्यात एक निर्णय दिसतो. तो कुणी घेतला, काय पाहून घेतला आणि काय पाहायचं राहिलं, एवढंच इथे मांडायचं आहे.

हकीकत

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, लग्न नवव्या वर्षी. नवरा गोपाळराव जोशी, बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठे, टपाल खात्यात नोकरीला. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास. स्वयंपाकघरात रेंगाळली, अभ्यास टाळला, तर ते मारतही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्री डॉक्टर असती तर, हा विचार तिथून त्यांच्या मनात पक्का झाला असं मानतात.

त्याच सुमाराला, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात असत. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, स्वतःलाही तिकडे काही काम मिळावं, असा मजकूर. उत्तर आलं की दोघं ख्रिस्ती झालात तर मदत करू. वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहताना तो अंक चाळला. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना लिहिलं, आणि पुढची तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

या काळात गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या: अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, शेवटी बंगालमधलं सेरामपूर. आनंदीबाईंची तब्येत मात्र कुठेच सुधारली नाही. सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली, तीही लागू पडली नाहीत. ही नोंद पुढे लागणार आहे.

मुळात दोघांनी मिळून जायचा बेत होता. पण गोपाळरावांवर घरची जबाबदारी होती आणि दोघांपुरता पैसा नव्हता. १८८३ मध्ये त्यांनी ठरवलं की तिने एकटीने पुढे जावं. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या.

सेरामपूरचं भाषण

ब्राह्मणाची बायको एकटी समुद्र ओलांडून चालली म्हटल्यावर गहजब झाला. त्याला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केलं. लोक जे प्रश्न विचारत होते, ते त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट ओढवलं तर? आणि कुठल्याही बाईने जे केलं नाही ते तूच का करावंस?

सतरा वर्षांच्या मुलीने हे सहा प्रश्न स्वतःहून, भर सभेत, परक्या भाषेत घ्यावेत, हेच मोठं आहे. आज व्हिसाच्या मुलाखतीआधी क्लासवाले जी उत्तरं घोकून घेतात, ती यापुढे फिकी आहेत. देशातल्या सोयीविषयी त्या म्हणाल्या की मद्रासला कॉलेज आहे, इतरत्र सुईणपणाचे वर्ग आहेत, पण तिथलं शिक्षण अपुरं आणि शिकवणारे जुन्या वळणाचे. एकटीने रस्त्यावर निघालं की लोक कसे हसतात, टोकतात, तेही त्यांनी सांगितलं. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर उत्तर सरळ होतं. मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, पोशाख आणि खाणं बदलणार नाही. एकटीने जाण्याचं कारण घरची परिस्थिती. त्यात आडपडदा नाही.

पाचव्या प्रश्नाचं मात्र तसं नाही. संकट आलं तर काय, याला त्यांनी दिलेलं उत्तर निर्धाराचं आहे. काय करीन, कुणाकडे जाईन, पैसे संपले किंवा अंथरूण धरलं तर कोण पाहील, यातलं काही त्यात नाही. सभेत ते कुणाच्या लक्षात आलं नसावं, कारण टाळ्या निर्धाराला पडतात.

भाषण वर्तमानपत्रांत गाजलं आणि देशभरातून वर्गणी येऊ लागली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. अठरावं वर्ष पुरं होऊन त्यांना एकच आठवडा झाला होता. सोबत ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या.

काय तयार होतं

बरंच काही, हे आधी मान्य करू.

हेतू पक्का होता, तोही स्वतःच्या दुःखातून आलेला. गोपाळरावांचा ध्यास आणि आनंदीबाईंचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे अमेरिकेहून नवऱ्याला लिहिताना त्यांनी लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण काढली आहे. तुमचं वागणं चांगलं म्हणावं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे, असा त्या पत्राचा सूर. ज्या मुलीला हे लिहिता येतं, ती नवऱ्याच्या हातची बाहुली होती असं म्हणवत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पाठवलेल्या अर्जातही हाच आवाज आहे: माझे आप्त आणि माझी जात, सगळ्यांचा विरोध पत्करून मला इथवर घेऊन आलेला निश्चय पुढेही कामी येईल, पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींसाठी मला शिकायचं आहे. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली.

भाषा होती. तिकडचं घर होतं, आणि हा भाग मला या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कार्पेंटरबाईंशी तीन वर्षं पत्रांतून ओळख मुरली होती. आनंदीबाई जूनमध्ये पोहोचल्या आणि कॉलेज सुरू होईपर्यंतचा उन्हाळा त्यांच्या घरी राहिल्या. नव्या देशात पाय ठेवणं आणि अभ्यासाचं ओझं उचलणं, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात अंगावर आल्या नाहीत. आज मुलं सेमिस्टर सुरू व्हायच्या दोन दिवस आधी विमानातून उतरतात. खोली अजून मिळालेली नसते, सिमकार्ड चालत नसतं आणि सोमवारी लेक्चर असतं. १८८३ ची व्यवस्था याहून बरी होती.

काय तपासलं गेलं नाही

शरीर.

सेरामपूरच्या सहा प्रश्नांत जात आहे, धर्म आहे, सोबत आहे, बाईपण आहे. ज्या मुलीला महिनोन् महिने ताप आणि धाप आहे तिला फिलाडेल्फियाचा हिवाळा झेपेल का, हे कुणी विचारलं नाही. माहिती नव्हती म्हणून नव्हे. घरात माहिती होती, समुद्रापलीकडे कार्पेंटरबाईंनाही होती. त्या काळी छातीचा एक्स-रे नव्हता, तो शोध १८९५ चा. क्षयाचा जंतू सापडल्याचं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जाहीर केलं होतं, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि औषध यायला आणखी साठ वर्षं होती. तेव्हा डॉक्टरने निदान करायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. पण वर्षभर एका जागी राहून, पोटभर खाऊन तब्येत सावरते का ते पाहायला यंत्र लागत नव्हतं. आज ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त काळ राहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाआधी क्षयाची तपासणी करावीच लागते. ती तपासणी त्यांच्या देशाच्या काळजीपोटी असते. आपल्या मुलाच्या काळजीपोटी आपण काय तपासतो? दात, चष्म्याचा नंबर आणि लसींचं कार्ड. थायरॉईड, दमा, झोपेच्या गोळ्या, बारावीच्या वर्षी महिनाभर खोलीत कोंडून घेतलं होतं ते, यातलं काही तोंडातून निघत नाही. निघालंच तर आई म्हणते, "तिकडे हवा चांगली आहे, बरं वाटेल."

फिलाडेल्फियात काय झालं ते ठाऊक आहे. खाणं शाकाहारी, तेही परक्या मुलखात. पोशाख न बदलण्याचं वचन भर सभेत दिलेलं. पुढे थंडीपायी नऊवारी सोडून त्या गुजराती धाटणीने साडी नेसू लागल्या, म्हणजे वचन पाळूनच त्यांनी वाट काढली. राहायच्या खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, नाही पेटवली तर गारठा. पुढे ताप आणि खोकला पाठीस लागले. क्षय झाला. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचं काम देऊ केलं. १८८६ च्या अखेरीला त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्या रुग्णालयात त्यांना एक दिवसही काम करता आलं नाही.

परतीची वाट

आजारपण हा दैवाचा भाग, असं म्हणून इथे थांबता येईल. मी थांबत नाही. माझ्या मते खरी चूक आरोग्य न तपासण्याच्याही पलीकडची आहे.

पहिला हिवाळा गेल्यावर, तब्येत ढासळते आहे हे दिसल्यावर, आनंदीबाईंना परत येता आलं असतं का? निदान वर्षभर अभ्यास थांबवता आला असता का? कागदावर आला असता. कॉलेजने अडवलं नसतं, कार्पेंटरबाईंचं घर होतंच. पण त्या सभेतल्या भाषणाने एका हाताने वर्गणी आणली आणि दुसऱ्या हाताने परतीचं दार लावून घेतलं. देशभरातल्या लोकांनी पैसे दिले होते. विरोधक टपून बसले होते. अर्ध्यावर परत आली असती तर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक मुलीच्या बापाला तिचं उदाहरण ऐकवलं गेलं असतं. हे ओझं अठरा वर्षांच्या मुलीला पुरेपूर कळत होतं. अर्जातली अपयशी होऊन चालणार नाही ही भाषा तिथूनच आलेली आहे.

आणि "आता पुरे, घरी चल" असं म्हणायचा अधिकार असलेला माणूस जवळ कुणी नव्हता. कार्पेंटरबाई जीव लावणाऱ्या होत्या, पण तो अधिकार त्यांचा नव्हता. गोपाळराव हिंदुस्थानात होते. पदवीच्या आधी तेही अमेरिकेत पोहोचले, तिथे सभांतून अमेरिकेवर टीका करत फिरले आणि यजमानांची पंचाईत करून ठेवली. ज्याने थांबवावं त्याचाच ध्यास पणाला लागलेला असेल, तर तो थांबवत नाही. हे आजच्या बापांनाही लागू आहे, आणि आयांना थोडं जास्तच.

आता आपल्याकडे वर्गणी नसते, कर्ज असतं. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि तारण म्हणजे बहुतेक घरांत राहतं घर किंवा गावची जमीन. मुलगा निघायच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागतो: उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली मित्रमंडळाच्या वीस जणांचे फोटो. कुणी वाईट हेतूने लावत नाही. पण दुसऱ्या सेमिस्टरला जो मुलगा रात्र रात्र जागा असतो, त्याला परत यायचं तर त्या चौकातूनच यावं लागतं. फोनवर तो "मस्त चाललंय" म्हणतो. आईला आवाजावरून कळतं, पण ती हप्त्याचा विचार करून गप्प बसते.

थांबल्या असत्या तर

वर्षभर थांबायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे, म्हणून त्या काळात थांबलेल्यांकडे पाहू.

आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षातच त्याच शहराच्या मेडिकल कॉलेजात कादंबिनी गांगुलींना प्रवेश मिळाला. १८८६ मध्ये, आनंदीबाईंच्याच वर्षी, त्या डॉक्टर झाल्या, आणि विलायतेला गेल्या त्या १८९० नंतर, व्यवसायात असताना, वरच्या पदव्यांसाठी. हे दार उघडणार आहे, हे फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपुरात बसून कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. पण देशात सोय नाही हे उत्तर त्या दिवसापुरतं खरं होतं, कायमचं नव्हतं.

मुंबईच्या रखमाबाई आनंदीबाईंहून चार महिन्यांनी मोठ्या. बालविवाहाचा नवरा नाकारल्याबद्दल त्यांच्यावर खटला चालला, नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन असं त्या म्हणाल्या. ते सगळं मिटल्यावर १८८९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. १८९४ ला डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं रुग्णालयं चालवली, १९५५ पर्यंत जगल्या. आनंदीबाईंच्याच कॉलेजात शिकलेल्या जपानच्या केई ओकामी पंचविशीत लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेला आल्या आणि १८८९ मध्ये पदवीधर झाल्या. आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर आधी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, परदेशी गेल्या त्या वरच्या शिक्षणासाठी. आनंदीबाईंची वाट पाहणाऱ्या त्याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांनी काम केलं.

यावरून चोवीस हे योग्य वय, असा निष्कर्ष काढू नये. रखमाबाई चोविसाव्या वर्षी तयार होत्या, कारण त्याआधी समाजाने जे काही करायचं ते करून झालं होतं. नापास होऊन परत आल्या असत्या तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. वयाने मिळतं ते एवढंच असतं: अपयश पचवायची थोडी ताकद, आणि हातात आधीची एखादी पदवी, जिच्यावर परत येऊन उभं राहता येतं. आजच्या शिष्यवृत्त्यांनाही हे बहुधा कळलेलं आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे. १८९२ पासून चालत आलेली टाटांची जे. एन. टाटा एंडोमेंटही पदवीधरांनाच कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. बारावीनंतर जाणाऱ्याला बहुधा घरच्याच पैशावर जावं लागतं, म्हणजे ज्याच्या पायाखाली सगळ्यात कमी जमीन आहे, त्याच्याच डोक्यावर सगळ्यात जास्त ओझं.

माझं मत

हे प्रकरण मार्च १८८३ मध्ये माझ्यापुढे आलं असतं तर जाऊच नको असं मी म्हटलं नसतं. तसं म्हणणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती, आणि त्यांना तिच्या फुप्फुसांची काळजी नव्हती. जागा योग्य होती, कॉलेज योग्य होतं, यजमान तर नशिबानेच मिळावेत असे होते. घरी थांबून तब्येत सुधारलीच असती, याचीही खात्री नाही. गोपाळरावांच्या संसारात विश्रांती नावाची गोष्ट फारशी नव्हती. रोझेलच्या घरात ती जास्त मिळाली असती. म्हणून मी म्हटलं असतं की एप्रिलमध्ये निघा, पण त्या वर्षी कॉलेजात नाव घालू नका. एक पूर्ण हिवाळा कार्पेंटरबाईंकडे काढा. खाणं बसवा, थंडीचे कपडे अंगवळणी पडू द्या, इंग्रजीतून विज्ञान वाचा. वसंतात ताप राहिला असेल तर परत या, आणि परतीचं भाडं आत्ताच वर्गणीतून वेगळं काढून कार्पेंटरबाईंकडे ठेवा.

गोपाळरावांना हे पटलं नसतं. वर्ष फुकट, म्हणाले असते.

आज समोर बसलेल्या पालकांना मी मार्कांआधी तीन गोष्टी विचारते. पहिली, घरापासून लांब राहून मूल आजारी पडलं होतं तेव्हा डॉक्टरकडे स्वतः गेलं होतं की फोन करून रडलं होतं. दुसरी, परतीचं तिकीट आणि तीन महिन्यांचा खर्च कर्जाच्या बाहेर, हात न लावता ठेवलेला आहे का. तिसरीला उत्तर यायला सगळ्यात वेळ लागतो: अर्ध्यावर परत आला तर नातेवाइकांना काय सांगायचं, ते आत्ताच ठरलं आहे का, आणि त्याला परत बोलवायचा निर्णय कोण घेणार? मावशी, मोठा भाऊ, कॉलेजातले सर, कुणीही चालेल. फक्त ज्याचा जीव त्या डिग्रीत अडकला आहे, तो नको. नाव मी तिथल्या तिथे कागदावर लिहून घेते आणि मुलाला त्या माणसाला फोन लावायला सांगते.